पहिली चाचणी मुलाची

निकाह ठरला की मेहर, दावत, दागिने यांवर रात्र रात्र चर्चा होते. आमच्या घरच्या अशाच एका बैठकीत मी विचारलं, "थॅलेसेमियाची तपासणी केलीत का?" सगळे गप्प. मग खाला म्हणाल्या, "लोक म्हणतील, मुलीतच काहीतरी खोट आहे."

ही खोट नव्हे. थॅलेसेमिया मायनर असलेली व्यक्ती सहसा ठणठणीत असते. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. शरीरात साचणारं लोह काढायला रोजचं औषध वेगळंच. नात्यात लग्न झालं, तर दोघंही मायनर असण्याची शक्यता वाढते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. कायद्याने दखल घेतली. आपल्या बैठकीत मात्र अजून त्याचं नावही निघत नाही.

म्हणून तरुण भावांनो, स्थळ बघायला निघण्याआधी स्वतःची एचबीए-टू चाचणी करून घ्या. आजार आई-वडील दोघांकडून येतो, मग बोट एकट्या मुलीकडेच का? तुमचा रिपोर्ट आधी टेबलावर आला, तर तिला कुणासमोर मान खाली घालावी लागणार नाही.