सारंगीवर कोण?

आम्हा पाच-सात दोस्तांची जुनी सवय आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, येताना एकेक सीडी आणायची, ती लावायची आणि का आणली ते सांगायचं. मागच्या खेपेला एकाने केसरबाई केरकरांची आणली, जुन्या तबकड्यांवरून केलेली. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, १९७७ साली व्हॉयजर यानाबरोबर अवकाशात गेलेला आवाज, असं सगळं सांगून झालं. मी विचारलं, "सारंगीवर कोण आहे?"

"असेल कुणीतरी खाँसाहेब."

हसण्यावारी गेलं ते. पण हे 'कुणीतरी' मला चावत राहिलं. केसरबाईंना साथ करणारे मजीद खाँ कुणीतरी नव्हते. बाई श्वास घ्यायला थांबतात तेव्हा सूर कोण धरून ठेवतं? ती सारंगी काढून टाका आणि मग ऐका.

सीडीवाले लोक फोनवर गाणी ऐकणाऱ्यांना नावं ठेवतात. मीही ठेवतो. फोनवर गायकाचं नाव आणि फोटो, बाकी अंधार. सीडीच्या डबीत निदान एक घडीचा कागद असतो आणि त्यावर बारीक अक्षरात कधीकधी साथीदार सापडतात. तोच कागद उलगडायचा नसेल तर आपला कसला मोठेपणा? कपाटात चारशे सीड्या आहेत, इतकंच.

बालगंधर्वांच्या पदांवर तासन्‌तास बोलणारे मला माहीत आहेत. त्यांच्यामागे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, हे त्यातल्या किती जणांच्या तोंडून ऐकलंत? आणि तानपुरा! मिरजेच्या सतारमेकरांनी पंढरपूरकडचा भोपळा निवडून, सुकवून, कोरून केलेला. त्यांचं नाव तर बारीक अक्षरातसुद्धा नसतं.

आता जरा घरचं बोलू, कारण दुसऱ्यांना सुनावणं सोपं असतं.

मुसलमानांनी या मुलुखाला काय दिलं, असं कुणी विचारलं की आपण ताबडतोब यादी काढतो. अब्दुल करीम खाँ, अल्लादिया खाँ, बडे गुलाम अली. आणि त्याच संध्याकाळी मोहल्ल्यातल्या पोराने तबल्यावर हात टाकला की त्याच्या अब्बांना मशिदीबाहेर गाठून समज देतो. संगीत हलाल की हराम हा वाद जुना आहे, उलेमांमध्येही एकमत नाही आणि तो मिटवण्याइतका माझा इल्म नाही. पण दोन्हीकडून खाऊ नका. उस्ताद भांडणात मिरवायचा तमगा आणि त्याच्या नातवाचा रियाज मात्र गुनाह, हा कुठला न्याय?

सारंगीला तर आपणच जास्त छळलं. कोठ्यावरचं वाद्य म्हणून ती बदनाम, वाजवणारा खालच्या पायरीचा. म्हणून कित्येक सारंगियांच्या घराण्यांनी सारंगी ठेवली आणि गाणं धरलं. अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये होते. बडे गुलाम अलींनी स्वतः सारंगी वाजवली होती. गवई झाले की ते आपले, सारंगिये होते तोवर कुणीतरी.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँ दफन आहेत. उर्सात तिथे त्यांच्या आठवणीत रात्र-रात्र गाणं होतं, हिंदू-मुसलमान मांडीला मांडी लावून बसतात. यंदा गेलात तर मैफल संपल्यावर गवयाभोवती गर्दी करू नका. वाद्य गवसणीत भरत बसलेल्या माणसाकडे जा, नाव विचारा, शागीर्द किती आहेत तेही विचारा.

आठवड्याने त्या दोस्ताचा फोन आला. चष्मा लावून त्याने कागद वाचला होता. "अरे, सारंगी, तबला, एवढंच छापलंय. नावंच नाहीत." मग जरा थांबून म्हणाला, "ते मजीद खाँ कसं लिहायचं? पेन्सिलीने लिहून ठेवतो."