विश्लेषण : लेझर एकच, मग कृष्णवर्णीयांच्या त्वचेलाच चटका का?

मुरमाचा लहानसा डाग घालवायला जावे आणि त्याहून मोठा काळा डाग घेऊन परत यावे, ही भीती आफ्रिकी वंशाच्या अनेक रुग्णांना असते. ती निराधार नाही. चेहऱ्यावरील बरेच सौंदर्योपचार गोरी त्वचा समोर ठेवून विकसित झाले.

चटका का बसतो?

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन प्रकाश शोषते. केस काढण्याचे लेझर केसांच्या मुळातील मेलॅनिन तापवते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेत वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर असल्याने उष्णता तिथेच अडते आणि त्वचा भाजते. शिवाय अशा त्वचेत जळजळ ओसरल्यावर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. जखमेच्या जागी केलॉइड, म्हणजे जखमेच्या कडेबाहेर वाढणारा उंचवटा, येण्याचा धोकाही जास्त असतो.

मग लेझर टाळावे का?

नाही. 755 नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा 1064 नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर मेलॅनिनमध्ये कमी शोषले जाते आणि खोलवर पोहोचते. त्यामुळे काळ्या त्वचेसाठी ते तुलनेने सुरक्षित मानले जाते. दाढीनंतर केस आत वळून पुटकुळ्या येण्याचा त्रास कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये जास्त आढळतो. त्यावर हे लेझर उपयोगी पडते. केमिकल पीलमध्येही सौम्य पील जपून करता येते, खोलवर जाणारे पील मात्र धोक्याचे.

त्रुटी नेमकी कुठे?

हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये त्वचेचे प्रकार ठरवले. निकष होता, त्वचा उन्हात भाजते की रापते. ही वर्गवारी सुरुवातीला गोऱ्या त्वचेसाठीच होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडला गेला. डाग किंवा केलॉइड येण्याची शक्यता त्यातून कळत नाही. तरीही लेझरची तीव्रता ठरवताना तिचाच आधार घेतला जातो.

बदल होतो आहे का?

होतो आहे, पण उशिरा. डॉ. सुझन टेलर यांनी 1999 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गौरेतर त्वचेसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. लंडनमधील वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुकवेंडे यांनी 2020 मध्ये, काळ्या त्वचेवर आजाराची लक्षणे कशी दिसतात हे दाखवणारी पुस्तिका प्राध्यापकांसह तयार केली. पाठ्यपुस्तकांत अशी छायाचित्रे फारशी नव्हती.

आपला काय संबंध?

बहुतांश भारतीयांची त्वचा याच वर्गवारीत चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. म्हणजे मुंबई-पुण्यातील क्लिनिकमध्येही हाच धोका आहे. पॅकेजवरील सवलत पाहण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : लेझर कोणते? आपल्यासारख्या त्वचेवर ते किती वेळा वापरले आहे? आधी छोट्या जागी चाचणी करणार का? उत्तर टाळले गेले, तर चेहरा पुढे न करणेच शहाणपणाचे.