लाखीशची बाजू

इ.स.पूर्व ७०१ म्हटले की बायबलच्या वाचकाला यरुशलेम आठवते. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला, यहूदाचा राजा हिज्कीयाने मंदिरात जाऊन देवाचा धावा केला, यशया संदेष्ट्याने धीर दिला आणि एका रात्रीत शत्रूचे १,८५,००० सैनिक मरून पडले, अशी ती हकिकत. संडे स्कूलमधली मुलेही ती सांगू शकतील. यरुशलेम त्या वर्षी पडले नाही, हे खरेच आहे. पण यहूदा वाचला, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर लाखीश होते, राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. त्याचे काय झाले, हे विचारल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही.

सन्हेरीब चालून आला तो हिज्कीयाच्या बंडामुळे, आणि त्या बंडाचे कारण साधे होते. इ.स.पूर्व ७२२च्या सुमारास शोमरोन पडून उत्तरेचे इस्राएल राज्य संपले आणि यहूदा अश्शूरचा मांडलिक म्हणून उरला. ७०५ मध्ये अश्शूरचा सर्गोन राजा रणात मारला गेला, त्याचे प्रेतही हाती लागले नाही. साम्राज्य डळमळले असे समजून अनेक मांडलिक उठले. हिज्कीयाने खंडणी थांबवली, एक्रोनच्या अश्शूरनिष्ठ राजाला यरुशलेमात कैदेत ठेवले आणि मिसरच्या मदतीवर भिस्त ठेवली. राजधानीभोवती सात मीटर रुंदीचा तट उभा राहिला. त्याच्या वाटेत आलेली लोकांची घरे पाडली गेली. गीहोन झऱ्याचे पाणी शहरात आणायला ५३३ मीटरचा बोगदा खोदला गेला. दोन टोकांनी खोदत आलेले मजूर मधोमध कसे भेटले, ते सांगणारा शिलालेख १८८०मध्ये सापडला. त्यात राजाचे नाव नाही, कुदळी चालवणाऱ्यांचा आनंद आहे. मला तो लेख फार मोलाचा वाटतो. मात्र ही सगळी तजवीज राजधानीसाठी होती. लाखीशलाही तट होता, भक्कम वेस होती, राजाच्या शिक्क्याचे रांजण तिथे शेकड्यांनी मिळाले आहेत. पण शत्रूच्या पहिल्या माऱ्यात तेच होते.

सन्हेरीबने आपल्या विजयाचा वृत्तांत मातीच्या प्रिझमांवर कोरून ठेवला. तटबंदीची ४६ शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, हिज्कीयाला पक्ष्यासारखे त्याच्याच राजधानीत कोंडले, असा त्याचा दावा. माणसांचा आकडा फुगवलेला असणार. खंडणीचे सोने मात्र दोन्ही बाजूंनी ३० किक्कारच (तेव्हाचे वजनाचे माप) सांगितले आहे. चांदी बायबल ३०० म्हणते, सन्हेरीब ८००. आणि या वृत्तांतात लाखीशचे नावसुद्धा नाही! नाव नाही, पण चित्र आहे. निनवेतल्या त्याच्या राजवाड्यात एका दालनाच्या भिंती लाखीशच्या पाडावाने भरल्या होत्या. उत्खननकार लेयार्डने त्या १८४०च्या दशकात उकरून काढल्या आणि आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटावरून मशाली फेकणारे लोक, सुळावर चढवलेले कैदी, बैलगाडीवर बोचकी आणि पोरे लादून निघालेली कुटुंबे, आणि सिंहासनावर बसून लूट पाहणारा राजा. यरुशलेम घेता आले असते, तर ही भिंत लाखीशला मिळाली नसती.

जमीनही तेच सांगते. १९३०च्या दशकात स्टार्की आणि १९७३पासून उसिश्किन यांनी तिथे उत्खनन केले. नैर्ऋत्य कोपऱ्यात अश्शूरी फौजेने रचलेला दगडांचा उतार अजून उभा आहे. समोर, तटाच्या आत, शहरवासीयांनी घाईघाईने घातलेला भराव आहे. तट फुटला तर पुन्हा उभे राहायला. जवळच्या गुहांत सुमारे १,५०० जणांचे सांगाडे सापडले, त्यांत बायका आणि मुले होती. ते याच वेढ्याचे बळी असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. बायबलमध्ये यातले काय आहे? सन्हेरीबचा तळ लाखीशला होता आणि हिज्कीयाचा शरणागतीचा निरोप तिथे गेला, एवढेच. शहर पडल्याची एक ओळही नाही.

यरुशलेम का वाचले, यावर खंडणी, रोगराई, मिसरची फौज अशी उत्तरे दिली जातात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तर उंदरांनी सन्हेरीबच्या फौजेची शस्त्रे कुरतडल्याची गोष्ट लिहिली आहे. मला त्या प्रश्नापेक्षा या स्वारीचा परिणाम जास्त सलतो. धान्याचा, द्राक्षांचा, तेलाचा सखल मुलूख हिज्कीयाच्या हातून गेला, सन्हेरीबने तो अश्दोद, एक्रोन आणि गाझाच्या राजांना वाटून टाकला. तरी राजधानीत मात्र हे शहर कधी पडणारच नाही, असा विश्वास रुजला.

त्या मुलखाचा आवाज बायबलमध्ये अजिबात नाही, असे मात्र नाही. मीखा संदेष्टा लाखीशजवळच्याच मोरेशेथ गावचा. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तो एकेका गावाला हाक मारतो, लाखीशलाही. यरुशलेमचे पुढारी रक्तावर शहर उभारत आहेत, असे तो त्यांच्या तोंडावर सांगतो आणि सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल, असे बजावतो. हिज्कीयाचे अध्याय शिकवणाऱ्याने मीखाचे हे अध्याय त्याच दिवशी वाचून दाखवले पाहिजेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

यरुशलेममध्ये मीखाचे ते शब्द काही जणांनी तरी जपले होते. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या आवारात उभे राहून या मंदिराचाही नाश होईल असे सांगितले, तेव्हा याजकांनी त्याच्यासाठी देहान्ताची शिक्षा मागितली. देशातले काही वडील उठले आणि म्हणाले, मीखाही हेच बोलला होता आणि हिज्कीयाने त्याला मारले नाही. यिर्मयाचा जीव वाचला. शहराने मात्र ऐकले नाही, आणि इ.स.पूर्व ५८६च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराच्या फौजेने मंदिरासकट यरुशलेम जाळले.