सोमवारी निघा, रविवारी पोहोचा!

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीचं काळजीचं पत्र आलंय. त्यांचे लेक-जावई पॅसिफिक महासागरातली समोआ बेटं पाहायला निघालेत. आपियाहून पागो पागोला जाणारं विमान सोमवारी सकाळचं, आणि पोहोचण्याची तारीख मात्र रविवारची! ‘तिकीट चुकलंय, रद्द करायला सांगू का?’ असं त्या विचारतात.

ताई, जरा थांबा. तिकीट मुळीच चुकलेलं नाही.

आपियाचा फालेओलो विमानतळ आणि पागो पागो यांच्यात सरळ अंतर सुमारे १५० किलोमीटर. म्हणजे आपलं मुंबई-पुणे रस्त्यानं जेवढं, साधारण तेवढंच. छोटं विमान पाऊण तासात पोहोचवतं. पण या दोन गावांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. अलीकडे समोआ हा स्वतंत्र देश, पलीकडे अमेरिकेच्या ताब्यातलं अमेरिकन समोआ. दोन्हीकडच्या घड्याळांत काटे एकाच जागी, कॅलेंडर मात्र एका दिवसानं वेगळं. सोमवारी दहाला निघालेली बाई रविवारी पावणेअकराला उतरते. सोमवारचा उपवास धरून निघाली, तर समोर रविवारचं जेवण!

पूर्वी दोन्हीकडे वार एकच होता. पण समोआचा व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी. इकडे शुक्रवारचं काम चालू, तेव्हा तिकडे शनिवारची सुट्टी. इकडे रविवार, तेव्हा तिकडे सोमवारची कचेरी उघडलेली. आठवड्याचे दोन दिवस फुकट! म्हणून २०११ साली समोआनं ३० डिसेंबरचा शुक्रवार चक्क गाळून टाकला. गुरुवारी रात्री झोपलेली माणसं उठली ती शनिवारी. ज्यांचा वाढदिवस ३० तारखेचा, त्यांचा त्या वर्षी आलाच नाही!

आता लेकीला एवढं सांगून ठेवा. तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. पागो पागोची खोली उतरण्याच्या, म्हणजे रविवारच्या तारखेनं घ्यावी. सोमवारची घेतली तर एक रात्र उघड्यावर. येताना उलट, एक दिवस पुढे जातो. परतीचं पुढचं विमान असेल तर हा हिशेब आधी करावा. रोजची गोळी असेल तर वार बघून घेऊ नये, चोवीस तास मोजून घ्यावी. नाहीतर एक गोळी दुप्पट व्हायची किंवा चुकायची. डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

आणि फोनचं म्हणाल, तर आपल्याकडे सोमवारी सकाळचे दहा, तेव्हा आपियात सोमवारी संध्याकाळचे साडेपाच आणि पागो पागोत रविवारचे साडेपाच. कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. म्हणजे ‘सोमवार उजाडला, अजून फोन कसा नाही?’ म्हणून रात्रभर जीव टांगणीला लागायला नको.