वशिल्याचा प्रश्न कोणाला विचारायचा?

लोअर परळ, प्रभादेवी, दादर येथील कचेऱ्यांत मुलाखतीला जाणाऱ्या तरुणांना एकच प्रश्न दोन रूपांत भेटतो. छापील अर्जात तो असा असतो : ‘या कंपनीत आपले कोणी नातेवाईक अथवा परिचित नोकरीस आहेत काय? असल्यास नाव, हुद्दा व नाते लिहावे.’ प्रत्यक्ष मुलाखतीत तोच प्रश्न खुर्चीत जरा मागे रेलून, हसतमुखाने विचारला जातो : ‘आमच्याकडे तुम्हाला कोणी पाठविले?’ उत्तर काय द्यावे याविषयी लालबाग-परळच्या चाळींत दोन पंथ आहेत. घरातील वडीलधारी माणसे सांगतात, ओळख असेल तर नाव अवश्य सांग, तेवढेच वजन पडेल. मित्रमंडळी सांगतात, चकार शब्द काढू नकोस, वशिल्याचे तट्टू म्हणतील. दोन्ही सल्ले आपुलकीचे आहेत आणि दोन्ही एकाच गैरसमजावर उभे आहेत. प्रश्न योग्य माणसालाच विचारला जात आहे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

या प्रश्नाला एक रास्त बाजू आहे हे आधी मान्य करू. मुलाखत घेणारा अधिकारी उमेदवाराचा सख्खा मामा असेल तर ते कळलेच पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने १८८ व्या कलमात संचालकांच्या नातलगांना लाभाच्या पदावर नेमण्यावर बंधने घातली, ती याच हेतूने. परंतु हितसंबंधांची चौकशी करावयाची तर ज्याच्या हाती अधिकार आहे त्याची करावी. उमेदवाराच्या हाती अर्जाच्या कागदाखेरीज असते काय? मुलाखत मंडळाच्या प्रत्येक सभासदाने ‘आज येणाऱ्या उमेदवारांपैकी कोणाशीही माझे नाते वा घरोबा नाही’ असे लिहून देऊन मगच खुर्चीवर बसावे, ही साधी गोष्ट आहे. ती मागितली जात नाही. उलट ज्या कंपन्या अर्जात नातेवाईकांची यादी मागतात त्यांतल्याच कित्येक, ओळखीचा माणूस आणून देणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘रेफरल’चे बक्षीस देतात. एका हाताने ओळखीवर संशय घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर इनाम लावायचे, असा हा कारभार आहे.

या कचेऱ्यांतील कित्येक ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिला हा प्रश्न नवा नाही. फिनिक्स आणि कमला या गिरण्यांच्या आवारांत आज दुकाने, उपाहारगृहे आणि कचेऱ्या आहेत. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी माणसे घेण्याचे काम दीर्घकाळ जॉबरकडे असे, आणि स्त्रियांच्या खात्यांत नायकिणीकडे. सकाळी दरवाजाशी जमलेल्या गर्दीतून आज आत कोण जाणार हे तो ठरवी. त्याबद्दल दस्तुरी घेई, अडल्यानडल्याला व्याजाने पैसे देई, कधी राहण्याची खोलीही त्याच्याच हातची असे. म्हणजे नोकरी, कर्ज आणि छप्पर अशी तीन दावणींची टोके एकाच मुठीत. भारतातील कामगारांची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा असे सुचविले. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण पद्धत आणली. महिन्याच्या आरंभी निवडक बदलीवाल्यांना कार्डे द्यायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, अशी ती योजना. जॉबरचे महत्त्व तिने कमी केले, तरी ओळखीचे महत्त्व संपले नाही.

यावर जुना गिरणी कामगार रागावून म्हणेल, की आम्हाला ओळखीनेच तारले. तिला तुम्ही नावे का ठेवता? त्याचे म्हणणे खोटे नाही. रत्नागिरीहून वा साताऱ्याहून बोटीने अगर गाडीने आलेला पोरगा गावकीच्या खोलीत पथारी टाकी, खाणावळीत उधारीवर जेवी, आणि गाववाला कोणी तरी त्याला ‘गिरणीत लावून’ देई. बेकारीचा विमा नव्हता, आजारपणाची रजा नव्हती, तेव्हा गावकी हाच विमा होता. संप लांबला की याच गावकीच्या खोल्यांनी आणि गावाकडून येणाऱ्या तांदळाने कामगारांना उभे ठेवले. गरिबाची ओळख ही त्याची ढाल होती. साहेबाच्या ओळखीशी तिची तुलना करणे अन्यायाचे होईल.

पण ढालीमागे कोणाला जागा मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हेही पाहिले पाहिजे. विणकामाचे खाते, आपल्या भाषेत साचेखाते, हे पगाराने वरचे. तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकर हाती धरणार नाही, हे कारण. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घातली, आणि मालकांनी तिच्यावरूनच त्यांना चपराक दिली : हा अन्याय असेलही, परंतु तो आम्ही केलेला नाही! धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात हा प्रसंग आहे. मालक साळसूद होते असे मुळीच नव्हे. भरती जॉबरकडे सोपवून हात धुऊन बसण्याची सोय त्यांनी स्वतःच केली होती. आजचा मनुष्यबळ अधिकारी ‘आमचे कर्मचारीच माणसे सुचवितात, आम्ही कोणाला वगळत नाही’ असे म्हणतो तेव्हा तो हेच उत्तर नव्या कागदावर छापीत असतो.

ओळख बाहेरच्यांना अडवते, एवढ्यावरच हे थांबत नाही. ती आतल्यांनाही बांधून ठेवते. याचा पुरावा आपल्या दादरमध्येच मिळाला आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांतून शिकलेल्या मुलांच्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची पाहणी केली व २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कष्टाच्या नोकऱ्यांत असलेल्या बापांपैकी निम्म्याहून अधिकांना नोकरी नातलगाच्या वा जातभाईच्या मदतीने मिळालेली होती. त्याच जातींतील मुलगे, इंग्रजी शिकल्याने मिळकत वाढते हे दिसत असतानाही, मराठी शाळांतून बापाच्याच कामाकडे जात राहिले, कारण त्या कामाची वाट ओळखीने बांधलेली होती. मुलींसाठी अशी वाट कोणी बांधलीच नव्हती. म्हणून त्या इंग्रजी शाळांकडे अधिक वेगाने वळल्या. ज्या दोराने बापाला विहिरीतून वर काढले त्याचेच मुलासाठी दावे झाले. (मराठी शाळांची आबाळ हा निराळा आणि दुःखद विषय आहे, त्याचे खापर या मुलींवर फोडण्याचे कारण नाही.)

आता वरच्या मजल्यावरचे पाहू. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खाजगी कंपन्यांतील भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो असे सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराला घरची माहिती विचारतात : वडील काय करतात, भावंडे किती, वाढलात कोठे. चांगले संस्कार चांगल्या घरातून येतात, हा त्यांचा ठाम समज. त्याच वर्षी त्याच साप्ताहिकात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी दाखवून दिले की सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले असता दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश भरते. या तरुणांना ‘कोणाला ओळखता?’ असे विचारण्याची गरजही उरत नाही. कोणालाच ओळखत नसणार, हे नाव वाचूनच ठरलेले असते.

ओळखीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो : परिचिताने सुचविलेला माणूस भरवशाचा असतो. असेल. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील सुशिक्षित नोकरदारांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांना नोकरी परिचयातून लागलेली आढळली, आणि तीही जिवलगांकडून नव्हे, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून. म्हणून आमचे हितचिंतक तरुणांना सांगतात, ओळखी वाढवा. परंतु करी रोडच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुलीच्या क्वचित भेटणाऱ्या ओळखी कोण? दुधवाला, रेशन दुकानदार, क्लासचे सर. मलबार हिलच्या मुलाच्या क्वचित भेटणाऱ्या ओळखींत बँकेचा संचालक असतो. दोघांनाही ‘ओळखी वाढवा’ हा एकच उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे.

आपल्या चळवळीतही एक अवघड जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. कामगाराच्या मुलाला त्याच ठिकाणी अग्रक्रम मिळावा, ही मागणी अनेक संघटनांनी आवेशाने लढविली. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत ‘कुळा’वरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पोलिसांच्या मुलांना भरतीत दिलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली याच आधारावर अवैध ठरविली. रेल्वेत चालक व गँगमन यांनी मुदतीआधी निवृत्त होऊन मुलाला नोकरी देण्याची योजना होती. २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिच्यावर ताशेरे ओढले आणि २०१८ मध्ये रेल्वेने ती बंद केली. कामावर मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला आधार देणे ही माणुसकी होय. धडधाकट माणसाची जागा वारसाहक्काने चालविणे ही वतनदारी होय, मग वतनदार गँगमन का असेना. गँगमनचे हाल खरे आहेत. त्यांचे उत्तर त्याच्या पगारात आणि सुरक्षिततेत शोधावयास हवे होते.

तर तरुणांनी उत्तर काय द्यावे? छापील प्रश्नाला खरे लिहावे. खोटी माहिती पुढे नोकरीवरून काढण्याचे हत्यार ठरते. ओळख असल्यास नाव आणि नाते एका ओळीत सांगावे, आणि लगेच जोडावे की माझी परीक्षा त्या व्यक्तीने घेऊ नये. ओळख नसल्यास ‘कोणी नाही, जाहिरात वाचून आलो’ एवढे म्हणावे. मान खाली घालून नव्हे. पडेल चेहऱ्याने ‘तशी काही ओळख नाही हो’ म्हणणारा तरुण आपली उणीव कबूल करीत असतो, आणि उणीव तर त्याची नसतेच. घरची चौकशी झाली तर आजोबा साच्यावर होते, १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा आत घेतले नाही, हे स्पष्ट सांगावे. ती लपविण्याची गोष्ट नव्हे.

एकट्या उमेदवाराच्या धीटपणाने मात्र ही रीत मोडणार नाही. १९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळविण्याचे बंधन घातले, पण तेथूनच माणूस घेण्याचे घातले नाही. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती फट तशीच आहे. जागा उघडपणे जाहीर व्हावी, लेखी परीक्षेचे कागद नाव झाकून तपासावेत, नातेवाईकांचा तक्ता निवड झाल्यानंतरच भरून घ्यावा, आणि मुलाखत मंडळाने स्वतःचे नातेसंबंध आधी लिहून द्यावेत, या मागण्या आपल्या संघटनांनी मागणीपत्रात घातल्या पाहिजेत. १९२८ चा प्रसंग आठवत असेल तर एक पथ्य पाळावे लागेल. मालकाने ‘हे आम्ही केलेले नाही, तुमच्याकडे पाहा’ असे म्हणण्याआधी संघटनांच्या आणि पक्षाच्या कचेऱ्यांतील कारकुनाची पुढची रिकामी जागा याच पद्धतीने भरावी. तशी जागा परळच्या कुठल्या ना कुठल्या कार्यालयात आजही रिकामी असेलच, आणि तिच्यासाठी कोणाचा तरी भाचा बहुधा ठरलेलाही असेल.