मनोरीत वई लावण्याआधी खाडीकाठी एक चक्कर मारा

या पावसाळ्यात मनोरीत ज्यांना घराभोवती झाडांचं कुंपण करायचंय, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बोटीने मार्व्याला उतरून नर्सरी गाठण्याआधी आपल्याच खाडीच्या काठाने अर्धा तास चाला. तिवरांच्या मागे, भरतीचं पाणी जिथे अधूनमधून पोचतं तिथे, गर्द हिरव्या चकचकीत पानांचं एक झुडूप आपोआप माजलेलं दिसेल. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, आणि त्यांतून बाहेर आलेले लांब जांभळट केसर. हीच कोयनेल. कोणी वनजाई म्हणतं, कोणी कडू मेंदी. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी ती तिथे आहे. मनोरीच्या वईचं पहिलं झाड कोणतं, याचं उत्तर तिथेच मिळतं.

हे मी नुकसान सोसून शिकले. काही वर्षांपूर्वी मला घराभोवती पिवळ्या पानांच्या डुरांट्याची रांग हवी होती. बोरिवली-कांदिवलीच्या सोसायट्यांमध्ये ती किती सुरेख दिसते! मे महिन्याच्या शेवटी ऐंशी रोपं आणली, बोटीतून सांभाळून आणली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, हे कुठेही येतं. गणपती येईपर्यंत पश्चिमेची पूर्ण रांग करपली होती. आधी पानाची कड तपकिरी झाली, मग करपा आत सरकत गेला, मग नुसत्या काड्या उरल्या. पण घराच्या मागच्या बाजूची रोपं मात्र टवटवीत होती. माती तीच, पाणी तेच, खत तेच. फरक फक्त एवढाच, की मागच्या रोपांना घराचा आडोसा होता.

मे महिन्यात समुद्राकडच्या खिडकीची काच बोटाने पुसा आणि बोट जिभेला लावा. खारट लागतं. हेच मीठ प्रत्येक पानावर बसतं आणि पानातलं पाणी ओढून घेतं. पातळ, मऊ पान ते सहन करू शकत नाही. जाड, मेणचट, तुकतुकीत पान तग धरतं. शिवाय आपली जमीन रेताड, पाणी धरून न ठेवणारी, आणि उन्हाळ्यात कित्येक विहिरींचं पाणी मचूळ होतं. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मनोरीतच योजला आहे. गोड्या पाण्याची मुंबईला किती ओढ आहे, ते यावरून कळतं. अशा जागी रोज पाइप धरावा लागेल असं झाड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नर्सरीतलं रोप रोजच्या पाण्यावर, हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेलं असतं. तिथे ते कसं दिसतं यावरून आपल्याकडे ते कसं राहील हे ठरत नाही.

आमच्या शेजारच्या मावशींनी माझी जळलेली रांग पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कोयनेलीच्या फांद्यांचा भारा आणून दिला. म्हणाल्या, "विकत कशाला आणायचं? टोचून दे नि विसरून जा." त्या टोचल्या, त्या लागल्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्या समुद्राकडच्या झाडांची पानं विस्तव लावल्यासारखी झाली होती. कोयनेलही करपली. पण पहिल्या पावसानंतर पेराला पेराला नवे फुटवे आले, आणि श्रावणात पाहणाऱ्याला काही झालं होतं असं वाटलंही नसतं. तिचं पान चुरगाळलं तर उग्र वास येतो. त्यामुळे शेळी तिला तोंड लावत नाही. मोकाट गुरांच्या गावात हा गुण लहान नाही.

म्हणून समुद्राकडची पहिली ओळ कोयनेलीची ठेवा. तिच्या आडोशाला मग हौस करा. गावठी लाल जास्वंद, तगर, मेंदी, अडुळसा, निर्गुडी, कढीपत्ता ही सगळी मागच्या ओळीत छान येतात. जास्वंद घेताना मात्र गावठीच घ्या. त्या ताटलीएवढ्या फुलांच्या कलमी जातींवर पांढरा पिठ्या ढेकूण फार बसतो. मेंदीची वई जुनी झाली की काटेरी आणि दाट होते, आणि फुलली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातली झाडं ठेवलीत तर मॉरमॉन फुलपाखरं अंडी घालायला येतील. ब्लू मॉरमॉन तर २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे. चार पानं अळ्यांनी खाल्ली म्हणून औषध फवारू नका.

वाडी मोठी असेल आणि राखणच हवी असेल, तर अगदी बाहेरच्या हद्दीला सागरगोटा किंवा केवडा लावा. ज्यांच्या बिया घेऊन मुली सागरगोटे खेळायच्या, तोच हा सागरगोटा. त्याच्या आकड्यांतून माणूस काय, कुत्रंही सहज शिरत नाही. पण घराजवळ, पायवाटेच्या कडेला तो लावू नका. तो पसरतो आणि कपडे फाडतो.

कण्हेरीबद्दल खरं ते सांगते. खारा वारा सोसण्यात तिच्याइतकी टणक झाडं थोडीच, आणि फुलते बारा महिने. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. पान, फूल, काडी, सगळं. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची बी तर जीव घेते. लहान मुलं किंवा गुरं-शेळ्या असतील त्या घराच्या वईत ही दोन्ही नकोत. असलेली ठेवायची असेल तर छाटलेल्या काड्या जाळू नका, त्यांचा धूरही बाधतो. आणि समुद्रकिनाऱ्यावर मासे भाजायला तिची काडी कधीही घेऊ नका. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून शेराची वई मुलांच्या खेळण्याच्या बाजूला नको. घाणेरीची फुलं रंगीत दिसतात, पण ती बाहेरून आलेली, गुरांना विषारी, आणि एकदा रुजली की वाडीभर पसरते. ती मुळीच नको.

आता कोनोकार्पस. हल्ली बंगलेवाल्यांना हे झाड हमखास सुचवलं जातं, आणि मनोरीत ते पटण्यासारखंही वाटतं. भराभर वाढतं, वर्षभर हिरवंगार, खारं पाणी चालतं. हे सगळं खरं आहे, कारण ते मूळचं अमेरिकेच्या खाड्यांकाठचंच झाड. पण त्याची मुळं पाण्याच्या वासाने नळांत, गटारांत घुसतात, आणि परागकणांमुळे सर्दी-दम्याचा त्रास वाढतो अशा तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. ज्या गावात घरटी विहीर आणि शेजारी शौचालयाची टाकी आहे, तिथे हे झाड आणू नका. लवकर वाढलेली भिंत पुढे विहीर फोडणार असेल तर तिचा काय उपयोग?

भिंतीवरूनच आणखी एक सांगायचं आहे. नवीन घर बांधलं की लोक पहिल्यांदा जुनी वई उपटतात आणि सहा फुटी सिमेंटची भिंत घालतात. वाऱ्याला भिंत लागली की तो वरून उडी मारतो आणि आतल्या बाजूला भोवरे घेतो. भिंतीच्या आतली केळ फाटलेली दिसते ती यामुळे. झाडांची वई वाऱ्याला अडवत नाही, गाळून सोडते. निम्मा वारा आत येतो, पण जोर गेलेला असतो. चांगल्या वईचा आडोसा तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो. म्हणजे पाच फुटी वई पन्नास फुटांपर्यंतचा भाजीचा वाफा राखते. शिवाय पावसाचं पाणी तिच्या बुडातून वाट काढून निघून जातं, अंगणात तुंबत नाही. जुनी वई असेल तर कृपा करून ती ठेवा, फार तर आतून जाळी लावा.

आणि जागा खाडीला लागून असेल तर तिवरांना हात लावू नका. वई सरळ रेषेत यावी म्हणून दोन तिवरं तोडली, असं मी ऐकलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर तिवरतोडीला मनाई केली आहे आणि तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव आहे. वई तिथे वाकडी गेली तर जाऊ द्या.

लावायची रीत सोपी आहे, पण वेळ पाळा. मे महिन्यात अजिबात नको. पाऊस चांगला धरला, जमीन हातभर ओली झाली की, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणा. रेती निम्मी बाजूला काढून तिच्यात कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत मिसळून चर भरा. नुसती लाल माती भरू नका, ती पहिल्या पावसात घट्ट बसते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, ना कोवळी ना जून अशी फांदी घ्या. खालची पानं काढा, निम्मी जमिनीत जाईल अशी किंचित तिरकी टोचा. दोन ओळी, दोघींत फूटभर अंतर, आणि मागची फांदी पुढच्या दोघींच्या मधोमध.

यानंतरची गोष्ट बहुतेकांना जड जाते. रोपं गुडघ्याएवढी झाली की शेंडे खुडा. उंच वाढताना पाहून आनंद होतो, तेव्हाच कात्री लावायची. नाहीतर वई वर दाट आणि खाली उघडी होते, आणि खालच्या फटीतून कोंबड्या, कुत्री, सगळे ये-जा करतात. पुढेही छाटताना बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. छाटलेल्या फांद्या कचऱ्यात टाकू नका. त्याच आठवड्यात शेजाऱ्याला द्या, त्यांच्या चरात टोचायला.