‘नागिन’च्या धुनीवर विज्ञानाचा तास

वरात असो की मिरवणूक, बँडवाल्याने ‘नागिन’ची धून उचलली की आमच्या वस्तीतली पोरे तोंडात रुमाल धरून पुंगी वाजवतात, जमिनीवर लोळतात. हीच पोरे विज्ञानाच्या तासाला मुकी होतात. ‘हा विषय आपला नव्हे’ हे दहावीच्या आतच त्यांच्या मनावर ठसते. दोष पोरांच्या बुद्धीचा नाही. त्यांचे जग चपलांसारखे वर्गाबाहेर काढून ठेवायला लावणाऱ्या शिकवण्याचा आहे.

आमचे म्हणणे असे की, शिक्षकाने ती धूनच वर्गात आणावी. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली ती पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. क्लॅव्हायोलिन या विजेवरच्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती. मग विजेतून सूर कसा निघतो? खऱ्या पुंगीत काय कंप पावते? ध्वनीचा धडा इथेच सुरू झाला. पुढचा प्रश्न, नाग सुरावर डोलतो काय? नाही. तो ठार बहिरा नसला तरी डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून.

पण एवढ्यावर थांबले तर ती नुसती करमणूक ठरेल. पडद्यावरचा नाग डूख धरतो, दूध पितो, आणि मांत्रिक त्याचे विष उतरवतो. यातली प्रत्येक गोष्ट वर्गात तपासली पाहिजे. कारण २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मरतात कोण? शेतात राबणारे, जमिनीवर निजणारे. म्हणजे आपलेच लोक.

मांत्रिकाला यश का येते, हेही पोरांना कळावे. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. माणूस आपोआप वाचतो आणि श्रेय मंत्राला जाते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर उतारा एकच, दवाखान्यातली प्रतिविषाची लस. ती घोड्याच्या रक्तातून कशी तयार होते, हा तर जीवशास्त्राचा उत्तम पाठ आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. साप चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१ क ने सांगितलेले कर्तव्य आहे. शाळेत प्रयोगशाळा नाही, ही सबब म्हणूनच आम्हाला मान्य नाही. प्रयोगशाळा मागितलीच पाहिजे. पण तोवर तास रिकामा जाता कामा नये.

पोरे नाचोत, खुशाल नाचोत. मात्र शेजारी कुणाला साप चावला तर त्याच पोराने ठणकावून सांगितले पाहिजे, “मांत्रिक नको, गाडी काढा, दवाखान्यात चला!”